जोगच्या तुषारातले गवत आणि बेलसाहेब



पावसाळा सरता सरता आपल्या शाळेची सहल कोठल्या ना कोठल्या धबधब्यावर जातेच. आपण पाणी पाहतो, भिजतो, डबा खातो, फोटो काढतो आणि परत येतो. धबधब्याच्या बाजूला जो काळा ओला कातळ असतो, त्यावर काय उगवले आहे हे वाकून पाहणारा विद्यार्थी शंभरात एखादाच निघतो. दोष तुमचा नाही. आम्ही शिक्षकही तुम्हांला घसराल म्हणून मागे ओढण्यातच गुंतलेले असतो.

या अंकात ज्यांचे चरित्र देत आहे ते गृहस्थ त्या शंभरातल्या एखाद्यांपैकी होते. नोकरीने जंगल खात्याचे अधिकारी, वृत्तीने विद्यार्थी. जन्म आयर्लंडमध्ये आणि मृत्यू आपल्या शेजारच्या कारवारला. त्यांचे नाव टॉमस रीड डेव्हिस बेल. फुलपाखरांच्या अभ्यासकांना हे नाव चांगले माहीत आहे. मात्र मला त्यांची आठवण झाली ती एका वीतभर गवतामुळे. ते गवत त्यांना सापडले, पण त्याचे नाव काही त्यांना जन्मात कळले नाही. ही हकीकत मुलांनी जरूर वाचावी, आणि पालकांनीही.

बेल यांचा जन्म २ मे १८६३ रोजी आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील बँडन या गावी झाला. घरात भावंडे पुष्कळ. तरुणपणी सैन्यात जाण्याचा विचार होता, पण त्या काळी लष्करी अधिकाऱ्याचा डामडौल सांभाळणे खर्चाचे काम होते आणि घरच्या परिस्थितीला ते झेपणारे नव्हते. म्हणून त्यांनी हिंदुस्थानातील जंगल खात्याची वाट धरली. १८८४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते मुंबई इलाख्यात नोकरीवर रुजू झाले. त्या वेळी आपले बेळगाव, धारवाड आणि कारवार हे सर्व जिल्हे मुंबई इलाख्यातच होते. सुरुवातीला धारवाडकडे आणि पुढे उत्तर कानडा म्हणजे कारवार जिल्ह्यात त्यांची कारकीर्द गेली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इंग्रजांचे जंगल खाते हे काही झाडांवरील प्रेमापोटी निघाले नव्हते. सरकारला साग हवा होता. रेल्वेला लाकूड हवे होते. १८७८ च्या जंगल कायद्याने कित्येक रानांवर सरकारचा शिक्का बसला आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथून लाकूडफाटा, पाला, चारा आणणारे गावकरी एका रात्रीत गुन्हेगार ठरू लागले. रान जाळून कुमरीची शेती करणाऱ्यांवर निर्बंध आले. बेलसाहेब त्याच खात्याचे अधिकारी होते आणि त्याच खात्याचा पगार घेत होते. त्यांचे चरित्र सांगताना ही बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. परंतु त्याच नोकरीने त्यांना वर्षातले कित्येक महिने रानात फिरवले, आणि त्या फिरण्याचा त्यांनी जो उपयोग केला तो सरकारने सांगितलेला नव्हता.

कारवारकडे त्यांना दोन मित्र मिळाले. एक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. हे मिठाच्या आणि जकातीच्या खात्यातले. जन्म आपल्या साताऱ्याचा, आणि 'एहा' या टोपणनावाने पशुपक्ष्यांवर गमतीदार लेखन करणारे म्हणून प्रसिद्ध. १८८३ मध्ये ज्यांनी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली त्यांच्यापैकी ते एक. दुसरे जेम्स डेव्हिडसन. हे जिल्ह्याचे कलेक्टर आणि पक्ष्यांचे अभ्यासक. म्हणजे एक मिठाचा, एक महसुलाचा आणि एक जंगलाचा. फुलपाखरांसाठी तिघांपैकी कोणालाही पगार मिळत नव्हता. तरी या तिघांनी मिळून उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांचा असा अभ्यास केला की १८९० च्या दशकात त्यावर सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला प्रसिद्ध झाली आणि आजही अभ्यासक तिचा आधार घेतात.

या अभ्यासाची पद्धत तुम्ही समजून घ्या, कारण खरा धडा तिथे आहे. त्या काळी फुलपाखरांचा छंद म्हणजे जाळे घेऊन पळायचे, फुलपाखरू पकडायचे आणि टाचणीने पेटीत लावायचे, असा होता. या मंडळींनी उलटा मार्ग धरला. त्यांनी अंडी शोधली, सुरवंट घरी आणले आणि वाढवले. कोणता सुरवंट कोणते पान खातो, किती वेळा कात टाकतो, कोष कोठे करतो आणि किती दिवसांनी त्यातून काय बाहेर येते, याची नोंद ठेवली. सुरवंट पाळणे हे गाय पाळण्यासारखेच आहे. रोज ताजा पाला आणावा लागतो, आणि तोही त्याच झाडाचा. दुसऱ्या झाडाचा दिला तर तो उपाशी मरेल, पण खाणार नाही. तुमच्या परसातल्या कढीलिंबावर किंवा लिंबावर वाढणारा सुरवंट रुईचे पान खाणार नाही, आणि रुईवरचा कढीलिंबाला तोंड लावणार नाही.

काही लहान निळ्या फुलपाखरांच्या सुरवंटांभोवती मुंग्या का जमतात, याचेही बेलसाहेबांनी बारकाईने निरीक्षण केले. हे सुरवंट अंगातून गोड रस देतात. मुंग्या तो पितात आणि मोबदल्यात सुरवंटाचा पहारा करतात. कोणत्या सुरवंटाबरोबर कोणत्या जातीची मुंगी, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहून लिहून ठेवले. आंब्याच्या झाडावर पाने शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या तुम्हांला ठाऊक आहेत. त्यांच्या जवळ उभे राहून निरीक्षण करणे म्हणजे काय, हे ज्यांना त्या एकदा चावल्या आहेत त्यांना सांगायला नको.

आता सुरवंटाचे अन्न म्हणजे झाड. झाडाचे नाव ठाऊक नसेल तर सुरवंटाची नोंद अपुरी राहते. म्हणून फुलपाखरांच्या मागे गेलेला माणूस झाडांपाशी येऊन पोचतोच. बेलसाहेबही असेच वनस्पतींकडे वळले. या कामात त्यांना लिओनार्ड जॉन सेजविक हा सोबती मिळाला. सेजविक हे आय.सी.एस. अधिकारी. १९२१ साली मुंबई इलाख्याची जी जनगणना झाली तिचे ते अधीक्षक होते. कागदावर माणसे मोजणारा हा अधिकारी रानात गेला की झाडे, नेचे आणि शेवाळ गोळा करत असे. या दोघांनी मिळून कानड्याच्या रानातून वनस्पतींचे नमुने जमवले.

नमुना जमवणे म्हणजे काय ते सांगतो. वनस्पती शक्य तर मुळासकट काढायची, फूल किंवा फळ असताना. टीपकागदात दाबून वाळवायची. रोज कागद बदलायचा, नाहीतर बुरशी येते. पावसाळ्यात कारवारच्या हवेत तर हमखास येते. वाळल्यावर जाड कागदावर लावायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, कोणी गोळा केली त्याचे नाव आणि क्रमांक. अशा कागदांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. चिठ्ठी नसेल तर तो नुसता पालापाचोळा. चिठ्ठी असेल तर तो शंभर वर्षांनीही साक्ष देणारा पुरावा होतो.

१९१९ साली सेजविक आणि बेल गिरसप्प्याच्या धबधब्यावर होते. आपण त्याला जोग म्हणतो. शरावती नदी तेथे २५३ मीटर खाली उडी घेते. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशा तिच्या चार धारा आहेत. त्या काळी नदीवर धरण नव्हते. पावसाळ्यात येणारे सगळे पाणी कड्यावरून खाली पडत असे आणि त्याचे तुषार दूरवर उडत. आजूबाजूचा कातळ महिनोन्‌महिने भिजलेला राही. त्या भिजलेल्या कातळावर या दोघांना एक गवत मिळाले. नाजूक काडी, पातळ पाने, सहज डोळ्यांत न भरणारे. उंच वाढलेल्या माळावरच्या गवताशेजारी ठेवले तर कोणी त्याला गवत म्हणेल की नाही, शंका आहे. त्यांनी ते वाळवले, चिठ्ठी लावली आणि संग्रहात ठेवले.

या गवताचे जगणे समजून घेण्यासारखे आहे. ते वर्षायू आहे, म्हणजे एकाच हंगामात उगवते, फुलते, बी टाकते आणि संपते. आपल्या पश्चिम घाटात अशा जागा पुष्कळ आहेत ज्या वर्षातले काही महिनेच ओल्या असतात. कड्यांवरचा झिरपता कातळ, सड्यावरची पावसाळी डबकी, धबधब्याच्या तुषारांची जागा. जूनमध्ये तेथे जीव येतो आणि उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो. अशा ठिकाणी मोठे झाड तग धरत नाही. तेथे राहते कोण, तर ज्याचा सारा संसार चार-सहा महिन्यांत उरकतो ते. उरलेले महिने ते बीच्या रूपाने खडकाच्या फटीत वाट पाहते. हा व्यवहार हजारो वर्षे बिनबोभाट चालतो, पण एका अटीवर. पाणी वेळेवर आले पाहिजे आणि पुरेसे दिवस टिकले पाहिजे. ज्याची मुळे खोल गेली आहेत ते झाड एखादे वाईट वर्ष काढते. वर्षायू गवताचे तसे नाही. त्याचे बी धरले नाही तर पुढच्या वर्षी उगवायला मागे फारसे काही उरत नाही.

१९२० च्या सुमारास बेलसाहेब निवृत्त झाले. त्यांच्या बरोबरीचे बहुतेक साहेबलोक निवृत्तीनंतर बोटीने मायदेशी जात. हे गेले नाहीत. ते कारवारलाच राहिले आणि काम करत राहिले. १९०९ पासून सोसायटीच्या नियतकालिकात ते मैदानी प्रदेशातील फुलपाखरांवर लेखमाला लिहीत होते, ती १९२७ पर्यंत चालली. म्हणजे अठरा वर्षे एक विषय. त्यानंतर मेजर एफ. बी. स्कॉट यांच्याबरोबर त्यांनी हिंदुस्थानातील हॉक मॉथ या पतंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. संध्याकाळी फुलासमोर हवेत तरंगत लांब सोंडेने मध पिणारे जे जाडजूड पतंग दिसतात ते हे. हा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकाचे वय ७४ वर्षांचे होते. त्यातही त्यांची जुनी सवय दिसते. नुसत्या पतंगाचे वर्णन करून ते थांबले नाहीत. त्याचा सुरवंट कसा, तो काय खातो, कोष कसा, हेही त्यात आले आहे.

त्या वर्षांत कारवार जिल्हा शांत नव्हता. १९३० नंतर अंकोला आणि आसपासच्या भागात मिठाचा सत्याग्रह आणि करबंदीची चळवळ झाली. लोकांनी जमिनी गमावल्या, तुरुंग भोगले. पुढे १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि ज्या सरकारची बेलसाहेबांनी नोकरी केली ते सरकार गेले. तरीही ते कारवारलाच होते. २४ जून १९४८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय ८५ वर्षे. सेजविक तर त्यापूर्वीच, १९२५ मध्ये, वारले होते.

आता गवताकडे परत येऊ. जोगला सापडलेल्या त्या गवताचा नमुना इंग्लंडमधील क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पती उद्यानात नॉर्मन लॉफ्टस बोर यांच्या अभ्यासात आला. योगायोग असा की बोर हेही जन्माने आयर्लंडचे आणि नोकरीने हिंदुस्थानच्या जंगल खात्याचे. आसामात आणि डेहराडूनला काम करून ते क्यूला गेले होते. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन येथील गवतांवरील त्यांचा १९६० चा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. हे गवत तपासताना त्यांच्या लक्षात आले की ही नुसती नवी जात नाही. ज्ञात असलेल्या कोणत्याच कुळीत ते बसत नाही. त्याच्यासाठी नवी प्रजातीच मांडावी लागेल. १९५०-५१ मध्ये त्यांनी ती मांडली. क्यूचे नामांकित गवततज्ज्ञ चार्ल्स एडवर्ड हबर्ड यांच्या सन्मानार्थ प्रजातीला 'हबर्डिया' असे नाव दिले. हबर्ड यांची सुरुवात बागेतल्या उमेदवारापासून झाली होती आणि त्यातून ते जगातले मोठे गवततज्ज्ञ झाले. जातीचे नाव 'हेप्टान्यूरॉन'. हेप्टा म्हणजे सात आणि न्यूरॉन म्हणजे शीर. सात शिरांचे ते हबर्डिया हेप्टान्यूरॉन.

वाळवल्यापासून नाव मिळेपर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ गेला. ज्या दोघांनी ते गोळा केले त्यांपैकी एकही तेव्हा हयात नव्हता. नावातही ते नाहीत. जगाला एक नवी प्रजाती दिली हे त्यांना माहीतच नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो शेकडो नमुन्यांतला एक नमुना होता. पण त्यावरही त्यांनी तितक्याच काळजीने चिठ्ठी लावली होती, हे महत्त्वाचे.

दुर्दैव असे की नाव मिळेपर्यंत घर बदलू लागले होते. १९४० च्या दशकाअखेरीस शरावतीच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली. १९६४ मध्ये लिंगनमक्कीचे मोठे धरण पूर्ण झाले. नदीचे पाणी अडले, बोगद्यांतून वीजघरांकडे वळले. जोगला पूर्वीसारखे पाणी आणि पूर्वीसारखे तुषार राहिले नाहीत. या विजेने कर्नाटकात घरोघरी दिवे लागले, कारखाने चालले. धरण बांधणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्याच विजेवर वाढलेल्या आपल्या पिढीने ते करताना थोडे थांबले पाहिजे. मात्र त्या हिशेबात एका गवताचा भिजलेला कातळ कोणी मांडला नव्हता, हेही खरे. वनस्पतिशास्त्रज्ञ जोगला जाऊन शोधत राहिले. हबर्डिया मिळेना. ते नष्ट झाले असेच मानले जाऊ लागले. त्याची ओळख म्हणजे हर्बेरियमच्या कपाटातला तो १९१९ चा कागद.

आणि मग सुमारे आठ दशकांनी ते पुन्हा भेटले. जोगला नव्हे, तर आपल्या अगदी जवळ, कोल्हापूर जिल्ह्यातल्या तिलारी घाटात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी हे घाटातल्या गवतांचा शोध घेणारे अभ्यासक. तेथील ओल्या कातळावर त्यांना हे गवत जिवंत सापडले. त्यानंतर विद्यापीठाने त्याच्या संवर्धनाचे काम हाती घेतले. आजही त्याची गणना अत्यंत धोक्यात असलेल्या वनस्पतींत होते. तिलारी म्हणजे बेळगावहून चंदगडमार्गे गेल्यास लागणारा घाट. तुमच्यापैकी अनेकांचे मामा, आत्या त्याच बाजूला राहतात. ज्या कातळाजवळून आपण कित्येकदा गेलो असू, तेथे जगाने हरवले म्हणून सोडून दिलेले गवत उगवत होते.

मुलांनो, विचार करा. तिलारीला ते गवत दिसले तेव्हा ते हबर्डियाच आहे, हे कशावरून ठरले? जोगच्या त्या नमुन्यावरून आणि त्यावरून लिहिलेल्या वर्णनावरून. १९१९ मध्ये दोन माणसांनी कंटाळा केला असता, चिठ्ठी लावली नसती, तर ते कधी होते हेच कोणाला कळले नसते. जोगवरून ते गेले हेही कळले नसते. आणि तिलारीला सापडले तेव्हा जुना हरवलेला जीव परत मिळाला, हेही कोणाच्या ध्यानात आले नसते. हरवलेली वस्तू शोधायची तर ती आपल्याकडे होती याची नोंद आधी असावी लागते.

बेलसाहेबांच्या चरित्रातून मी एवढेच घेतो. त्यांनी कोणतेही युद्ध जिंकले नाही. त्यांचे पुतळे नाहीत. एका परक्या सरकारच्या खात्यात त्यांनी नोकरी केली आणि त्या खात्याच्या बऱ्यावाईटात त्यांचाही वाटा होता. पण साठहून अधिक वर्षे या मातीतील लहान जिवांकडे त्यांनी लक्ष देऊन पाहिले आणि जे पाहिले ते नीट लिहून ठेवले. नाव आपले होईल की दुसऱ्याचे, याचा हिशेब केला नाही.

यंदाच्या सहलीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याने एक छोटी वही सोबत आणावी, असे मी सर्व वर्गशिक्षकांना सांगितले आहे. त्या वहीत एकच गोष्ट लिहायची, मग ती गवत असो, मुंगी असो की सुरवंट. तारीख, ठिकाण, कशावर दिसली आणि कशी दिसली. नाव माहीत नसेल तर चित्र काढावे. नाव नंतर विचारता येते. काहीही उपटायचे नाही, कारण घाटात काय दुर्मिळ आहे हे आपल्याला ठाऊक नसते. या वह्या शाळेच्या ग्रंथालयात कपाटात जपून ठेवू. तीस वर्षांनी त्या कोण उघडेल ते मला ठाऊक नाही. पण उघडणाऱ्याला तारीख आणि ठिकाण सापडले पाहिजे.